फ्लॅटमध्ये निसर्ग आणायचा तर सुरुवात कुठून करायची? आईच्या खोलीसाठी सल्ला हवाय

पडवीकर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही. बाबा गेल्यावर आईला गुहागरजवळच्या घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं म्हणून ती दिवाळीपासून आमच्याकडे पुण्यात आहे. तिकडे चिऱ्याचं कौलारू घर, पुढे खळं, मागे आगर, निम्मा दिवस ती पडवीत नाहीतर विहिरीपाशी असायची. इथे तिसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके, आणि तिच्या खोलीच्या खिडकीतून दिसते शेजारच्या विंगची भिंत. दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. ती तक्रार कधीच करत नाही, पण बोलणं कमी झालंय, झोप धड लागत नाही, जेवणात लक्ष नाही. परवा सहज म्हणाली, "इथे उजाडलेलं कळतच नाही रे."

तिची खोली आणि बाल्कनी नीट करून घेऊ म्हणून एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं. त्यांनी 'बायोफिलिक थीम' (म्हणजे घरात निसर्ग आणणारी सजावट) दाखवली - एका भिंतीवर मॉस वॉल (शेवाळ लावलेली भिंत), दुसरीवर दगडासारखं दिसणारं लॅमिनेट, केळीच्या पानांचा वॉलपेपर, फॉल्स सीलिंगमध्ये लाइट, बाल्कनीत कृत्रिम हिरवळ. साडेतीन लाख. आईसाठी पैसे खर्च करायला मी मागेपुढे बघणार नाही, पण यातल्या कशाने तिला खरंच बरं वाटेल आणि काय नुसतं फोटोत छान दिसेल हे मला कळत नाहीये. कोणी घरात असं काही केलंय का, आणि घरातल्या माणसांना त्याचा खरंच फरक पडला का?

रेषाकार

मी आर्किटेक्ट आहे, नाशिकला असते. पडवीकर, पैसे द्यायच्या आधी एक करा, मोबाइलवर कंपास लावून घरातली प्रत्येक खिडकी कुठल्या दिशेला आहे ते इथे लिहा आणि प्रत्येक खिडकीत बसल्यावर (उभं राहून नाही, बसल्यावर आणि पलंगावर आडवं झाल्यावर) आकाशाचा तुकडा दिसतो का तेही लिहा. माझ्या मते सगळं इथून सुरू होतं, झाडं आणि दगड नंतर.

कारण उजेडातला फरक डोळ्याला जेवढा वाटतो त्याच्या कितीतरी पट जास्त असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर साधारण १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, भर उन्हात तो १ लाखाच्या आसपास जातो, आणि आपल्या ट्यूबखालच्या खोलीत असतो १०० ते ३००. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून जाणवत नाही एवढंच. तिकडे आई दिवसभर पडवीत, म्हणजे हजारो लक्समध्ये असायची, इथे ती दिवसभर संध्याकाळच्या उजेडात बसलीय असं धरा.

दिशांचं थोडक्यात सांगते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं, आणि मेमध्ये तो डोक्यावर असल्यामुळे दीड-दोन फुटांचा छज्जासुद्धा ते ऊन अडवतो. म्हणजे दक्षिणेची खिडकी ही चांगली खिडकी आहे, उगाच लोक घाबरतात. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन, वयस्कर माणसासाठी सगळ्यात उत्तम. उत्तरेला दिवसभर एकसारखा मऊ उजेड. पश्चिम अवघड, दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जा काही करू शकत नाही, पडदा किंवा चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) खिडकीच्या बाहेरून लावावी लागते, आतून लावली तर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

आणि खिडकी खरंच भिंतीसमोरच असेल तर सोसायटीला विचारून समोरची ती भिंत पांढरी रंगवून घ्या. हजारो रुपयांच्या लाइटपेक्षा याने जास्त उजेड येतो. खिडकीची काच काळी किंवा निळी असेल तर साधी करा.

शेवंती_८१

पडवीकर, आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे स्नेक प्लांट, अरेका पाम, मनी प्लांट, पीस लिली अशी बरीच झाडं घरात आहेत. ही झाडं घरातली हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केलंय. खर्च कमी आणि उपयोग जास्त, आईंच्या खोलीत पाच-सहा तरी ठेवाच.

पेट्रीडिश

शेवंतीताई, झाडं जरूर ठेवावीत, पण हवा शुद्ध होते म्हणून नको. नासाचा तो अभ्यास १९८९ चा, त्यात झाडं छोट्या बंद पेट्यांमध्ये ठेवून आत रसायनाची वाफ सोडली होती आणि ती किती कमी होते ते मोजलं होतं. आपलं घर बंद पेटी नसतं, दार-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा नुसत्या हवा खेळती राहण्याने जेवढी शुद्धी होते तेवढी झाडांकडून हवी असेल तर प्रत्येक चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. टेन बाय टेनची खोली धरली तर कमीत कमी नव्वदेक झाडं. खिडकी दहा मिनिटं उघडा, काम झालं.

उलट मला काळजी त्या इंटिरियरमधल्या वस्तूंची वाटते. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, स्वस्त प्लाय यातला गोंद बराचसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो महिनोन् महिने हळूहळू वाफ सोडतो आणि उष्ण-दमट हवेत जास्त सोडतो. दगडासारखं दिसणारं लॅमिनेट शेवटी याच बोर्डावर चिकटवतात. काम करायचंच तर ई-० किंवा ई-१ ग्रेडचा (ही वाफ कमी सोडणारा) बोर्ड मागा, बिलावर लिहून घ्या, आणि काम झाल्यावर आईंना तिथे झोपवायच्या आधी काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

शेवंती_८१

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण झाडांनी मन प्रसन्न होतं हे मी माझ्या अनुभवाने सांगते, त्याला अभ्यासाची गरज नाही.

निशिगंधा_कोल्हापूर

शेवंतीताई, त्यालाही अभ्यास आहेत आणि ते तुमच्याच बाजूचे आहेत :) मी मानसोपचाराची डॉक्टर आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात गाजलेला अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधले १९७२ ते १९८१ चे रेकॉर्ड त्यांनी काढले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. ४६ पेशंट म्हणजे लहान अभ्यास आहे, त्यावरून झाडं बघून आजार बरे होतात असं कोणी म्हणू नये, पण खिडकीतून काय दिसतं याला महत्त्व आहे हे तेव्हापासून हॉस्पिटल बांधणाऱ्यांनी गंभीरपणे घेतलं. सिंगापूरचं खू टेक पुआट हॉस्पिटल २०१० मध्ये सुरू झालं ते मधोमध बाग आणि पाणी धरूनच.

दुसरा अभ्यास तुमच्या वॉलपेपरच्या प्रश्नाला थेट लागू आहे. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी लोकांना थोडा ताण देऊन तीन ठिकाणी बसवलं, एका गटाला खरी खिडकी, एकाला त्याच दृश्याचा लाइव्ह व्हिडिओ दाखवणारा मोठा पडदा, एकाला कोरी भिंत. खऱ्या खिडकीपाशी हृदयाचे ठोके लवकर खाली आले. पडद्यापाशी ते कोऱ्या भिंतीइतक्याच वेळात आले. चित्राचा अजिबात उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, निसर्गाचे फोटो बघून एकाग्रता थोडी सुधारल्याचेही निष्कर्ष आहेत, पण खरी खिडकी शक्य असताना पैसे तिथे घालावेत.

आणि तिसरा, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. १९७६, कनेक्टिकटमधला एक वृद्धाश्रम, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की तुमच्या खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, हे घ्या झाड, हवं तर घ्या, आणि घेतलंत तर त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही झाड दिलं, पण पाणी नर्स घालणार, बाकी सगळंही आम्ही बघतो म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त आनंदी होती, लोकांत जास्त मिसळत होती. झाड दोन्हीकडे होतं हे लक्षात घ्या.

म्हणून पडवीकर, डिझाइन कुठलंही करा पण ते आईंनी ठरवलेलं असू दे. तुम्ही त्यांना सरप्राइज देण्याच्या विचारात असाल तर ते नका करू.

अजून एक, आणि हे आधी करा. पतीचं जाणं, गाव सुटणं, झोप नाही, भूक नाही, बोलणं कमी - हे नुसतं खोलीचं दुखणं नसेल. डॉक्टरांना दाखवा. बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड तपासा, ऐकू कमी येतंय का बघा (ऐकू कमी आलं की माणसं गप्प होत जातात), आणि नैराश्य असेल तर त्यावर व्यवस्थित उपचार आहेत. खोली त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

रेषाकार

निशिगंधा, तुमच्या प्रतिसादाला कडकडून अनुमोदन. ते "आईंनी ठरवलेलं" मी माझ्या कामात रोज बघते, ज्या घरात आजी-आजोबांना विचारून जागा केलीय तिथे ती वापरली जाते, बाकी ठिकाणी झोपाळ्यावर कपडे वाळतात.

पत्र्याची_चाळ

धागा वाचतेय आणि राहवलं नाही म्हणून लिहिते. मी मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात टीबीच्या पेशंटांबरोबर काम करते. आमच्याकडच्या पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये दोन इमारतींतलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन कधीच पोचत नाही, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची खिडकी आणि मधे कचऱ्याचा वास, म्हणून ती कायम बंद. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने नटवर पारेख कंपाऊंड, लल्लूभाई कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी यांचा अभ्यास केला होता, २०१८ मध्ये तो बाहेर आला. पहिल्या दोन वसाहतींत ऊन-वारा कमी आणि तिथेच टीबीचं प्रमाण जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर. पीएमजी कॉलनीत इमारती जरा लांब लांब आहेत, तिथे परिस्थिती बरी.

मला म्हणायचंय ते एवढंच की घरात ऊन-वारा येणं ही हौस नाही, ती औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे, आणि ती आधी इमारत बांधताना मिळायला हवी, मग घर सजवताना. आमच्या बायका रंगाच्या डब्यात तुळस, पुदिना, कोरफड लावून पॅसेजमध्ये ठेवतात, जिथे तासभर ऊन येतं तिथे डबा सरकवत नेतात. एका इमारतीत गच्चीचं कुलूप काढून घ्यायला सगळ्या जणी एकत्र जाऊन बोलल्या, आता संध्याकाळी म्हातारी माणसं वर जाऊन बसतात. पडवीकर दादा, तुमच्या इमारतीला गच्ची असेल तर आईंना रोज सकाळी तिथे घेऊन जा, खोलीचं काम होईल तेव्हा होईल.

पडवीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, गच्चीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्यापासून सुरू.

रेषाकार, कंपास लावला. आईची खोली पश्चिमेला (समोर भिंत). आमच्या ऑफिसच्या कामाची खोली आग्नेयेला, तिला बाल्कनी आहे, समोर मोकळं आणि खाली रस्त्याकडेला पांगारा. पलंगावर पडून आकाश दिसतं. आत्ता तिथे टेबल, दोन मॉनिटर आणि उजेड पडतो म्हणून लावलेला जाड पडदा.

काल रात्री आईशी बसून बोललो, तुझी खोली कशी हवी म्हणून विचारलं. आधी "मला काही नको" झालं, मग बरंच बोलली. तिला सकाळी ऊन अंगावर घ्यायला बसायची जागा हवी, तीही खालती, पाटावर किंवा चौरंगावर, खुर्ची नको. काहीतरी पेरायला आणि खुडायला हवं. पायाखाली गुळगुळीत टाइल नको, तिला घसरायची भीती वाटते. आणि एक मला अजिबात सुचलं नसतं, ती म्हणाली इथे पाऊस ऐकू येत नाही. स्लायडिंगच्या खिडक्या लावल्या की खरंच काही ऐकू येत नाही.

रेषाकार

हे सगळं साडेतीन लाखांच्या कितीतरी आत होतं आणि यातलं एकही त्या कोटेशनमध्ये नाही बघा. खोल्यांची अदलाबदल करा, हा पहिला आणि फुकटचा बदल. फरशीसाठी बाल्कनीत रफ शहाबादी किंवा लेदर फिनिशचा कडप्पा घाला, पॉलिश केलेला नको, ओला झाला की तोही घसरतो. शहाबादी उन्हाळ्यात पायाला थंड लागते आणि जुन्या घरांत वावरलेल्यांना ती ओळखीची असते. पावसासाठी, सोसायटीची परवानगी मिळाली तर बाल्कनीवर साध्या पत्र्याची अरुंद पट्टी. पत्र्यावर पडलेला पाऊस आतपर्यंत ऐकू येतो. खालच्या मजल्यावर पागोळ्या पडणार नाहीत असा उतार आणि पन्हळ मात्र नीट करून घ्या.

राजांगण

गोव्यातून, फोंड्याकडून लिहितोय. आमचं जुनं घर राजांगणाचं आहे, मधे मोकळं आकाश, तुळस, चारही बाजूंनी फिरती पडवी, पाऊस घरातच पडतो म्हणा ना. काही खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत, त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, डोळ्यांना टोचत नाही आणि दुपारचं ऊनही अडतं. असं आता नव्याने करणं अवघड आहे आणि करूही नये, पण फ्लॅटमध्ये थोडी दुधी काच वरच्या अर्ध्या भागात लावून तसा उजेड मिळतो, खालचा अर्धा भाग साधा ठेवायचा म्हणजे बसल्यावर बाहेरचं दिसतं.

आमच्याकडच्या पावसात जे टिकतं ते कुठेही टिकतं म्हणून सांगतो - वॉलपेपर लावू नका. भिंतीला जरा ओल आली की मागे बुरशी धरते आणि कागद सुटेपर्यंत कळतही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या छातीला ते वाईट. चुन्याची भिंत असेल तर तिच्यावर प्लॅस्टिक पेंट मारू नका, भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पोपडे निघतात. चुन्याला चुनाच.

ठाणे_पश्चिम

मॉस वॉलबद्दल लिहिते कारण आमच्याकडे होती. ती जिवंत नसते, ग्लिसरीन वगैरे घालून टिकवलेलं शेवाळ असतं, पाणी-ऊन काही लागत नाही म्हणून विकतात. एसी ऑफिसमध्ये छान राहते. आमच्या घरात पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून चिकट झाली, खालच्या भिंतीवर डाग आले आणि धूळ बसली ती पुसताच येईना. शेवटी काढून टाकली. तिथे आता साधी फळी आहे आणि त्यावर मुलांनी आणलेले दगड, बिया, शेंगा. मुलं रोज त्यात काहीतरी भर घालतात.

खडी_वाळू

सिव्हिल इंजिनियर. बाल्कनीत पेरणी होणार म्हणून वजनाचं बोलतो, हे कोणी लक्षात घेत नाही. आपल्या आयएस ८७५ मध्ये (इमारतीवरचा भार किती धरायचा याचं भारतीय मानक) बाल्कनीसाठी जो भार धरतात तो साधारण ३०० किलो प्रति चौरस मीटर. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे फूटभर मातीचा वाफा केलात तर चौरस मीटरला ५०० किलो झाले, माणसं धरलीच नाहीत. त्यात बाल्कनी पुढे आलेली असते आणि लोक नेमक्या जड कुंड्या कठड्याला लावून ठेवतात, तिथला भार सगळ्यात वाईट. तर माती कमी, कोकोपीट-कंपोस्ट जास्त, मोठ्या कुंड्या घराच्या भिंतीकडे, कठड्याकडे हलक्या. कठड्याच्या वर आणि ग्रिलच्या बाहेर काहीही ठेवायचं नाही, खालून माणसं चालतात. नवीन शहाबादी जुन्या टाइलवर चढवू नका, जुनी काढून बसवा, नाहीतर तेवढं वजन उगाच वाढतं.

कृत्रिम हिरवळ घालायची इच्छा असेल तर एप्रिलच्या दुपारी कोणाच्या तरी बाल्कनीत त्यावर अनवाणी उभं राहून बघा. प्लॅस्टिक आहे, प्रचंड तापतं. खाली पाणी साचून वासही येतो.

उन्हाळी_वऱ्हाडी

आमच्या नागपुराकडे अजूनही काही घरी वाळ्याच्या ताट्या लावतात, दारा-खिडकीला बांधायच्या आणि वरून पाणी झिरपत ठेवायचं. गरम झळ आत येते ती थंड होऊन आणि वाळ्याचा सुगंध घेऊन. कूलर आले पण तो सुगंध कूलरमध्ये नाही जी. पण हे कोरड्या हवेतलं काम आहे. मुंबई-कोकणात हवेत आधीच पाणी, तिथे ताटीचं पाणी उडणारच नाही, नुसती ओल वाढेल. पुण्यात मार्च ते मे चालून जाईल. आईंना माठात वाळ्याची जुडी तरी टाकून द्या, वासाने माणूस क्षणात घरी पोचतो.

तळकोकणी

चिकेचा विषय निघालाच आहे तर बांबूची घ्या, प्लॅस्टिकची नको. आमच्या सिंधुदुर्गात माणगा बांबू होतो, आतून जवळजवळ भरीव, मजबूत. कुठलाही बांबू घ्या पण बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलीय का ते विचारून घ्या, नाहीतर पोरकिडा लागतो आणि खाली पिठासारखी पूड पडायला लागते. चिकेतून येणारं ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतं, वाऱ्यावर हलतं. आमच्या आजीला तेवढं बघत बसायला पुरायचं.

उत्तरवारा

स्टॉकहोमहून. इथे डिसेंबरात दिवस सहा तासांचा, तोही बहुतेक ढगाळ. पहिल्या हिवाळ्यात मी अगदी पडवीकरांच्या आईंसारखी झाले होते. इथले लोक उजेडाच्या बाबतीत फार जागरूक असतात, खिडक्यांना जाड पडदे क्वचित, खिडकीची कट्टी रुंद आणि तिच्यावर कुंड्या, सगळ्यात चांगली बसायची जागा नेहमी खिडकीपाशी. ऊन पडलं की लोक काम सोडून भिंतीला टेकून चेहरा वर करून उभे राहतात. मला डॉक्टरांनी १०,००० लक्सचा दिवा सांगितला, सकाळी उठल्यावर अर्धा तास, माझ्यासाठी खूप फरक पडला. पण तुमच्याकडे दारात खरं ऊन आहे हो! तिकडे आल्यावर बघते तर नातेवाइकांच्या घरी भर दुपारी पडदे ओढून, ट्यूब लावून सगळे बसलेले असतात. पाहून जीव तुटतो.

शेवंती_८१

उत्तरवारा, अगदी खरं. मी आज सकाळीच हॉलचा पडदा काढून धुवायला टाकला, परत लावायचा की नाही विचार करतेय.

नागवेल_माळशिरस

आता झाडांचं माझ्याकडून, काकूंना कोकणाची सवय आहे म्हणून त्या हिशोबाने सांगते. आग्नेयेच्या बाल्कनीत सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल असं धरते. तिथे तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरची होईल. मेथी आणि लाल माठ पसरट ट्रेमध्ये पेरा, मेथी तीन आठवड्यांच्या आसपास खुडायला येते, पेरायची-खुडायची हौस लगेच पूर्ण होते आणि वजनही नाही. अळू बादलीत लावा, पाण्याचा निचरा कमी असला तरी त्याला चालतं. सावलीच्या कोपऱ्यात नागवेल, पान ओवा, गवती चहा जरा उन्हाकडे. घरात खिडकीपासून लांब ठेवायचं तर स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट, यांना पाणी कमी, माती पूर्ण वाळल्यावरच. घरातली झाडं कमी पाण्याने क्वचित मरतात, जास्त पाण्याने मरतात.

नातवंडं लहान असतील किंवा मांजर असेल तर डिफेनबाकिया नको, मनी प्लांट आणि पीस लिलीही हाताला येणार नाही असे ठेवा, चावलं तर तोंडाची आग होते.

आणि डास! कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटच्या बाटल्या, सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करायचं. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी तिथेच महिनोन् महिने तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणून आठवड्याचा नेम मोडायचा नाही.

बुलबुल_डोंबिवली

बाल्कनीत फुलं आली की शिंजीर येतात, बुलबुल येतात, त्याची मजा कशातच नाही. पण कबुतरांचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे जाळी लावलीय पण पक्षी बघायला जाळी आड येते आणि एकदा एक चिमणी अडकली होती.

खडी_वाळू

जाळी सैल असली की पक्षी अडकतात. ताणून बसवा, दर पावसाळ्यानंतर परत ताणा. आणि कबुतरांना दाणे घालणं बंद, आसपासच्यांनाही सांगा. विष्ठेची वाळलेली धूळ फुप्फुसाला फार वाईट, वयस्कर माणसं असतील तर विष्ठा ओली करून, मास्क लावून साफ करा, कोरडी झाडू नका.

पडवीकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांकडे जाऊन आलो, बी१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली आणि आई एका समुपदेशक बाईंकडेही जाते. निशिगंधा, तुमचे खास आभार, ते तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही भिंतीच रंगवत बसलो असतो.

खोल्या बदलल्या. आमचं ऑफिस भिंतीसमोर गेलं, आम्हाला मॉनिटरच बघायचा असतो. समोरची भिंत पांढरी करायला सोसायटी तयार झाली कारण त्या विंगच्या लोकांनाही अंधाराचा त्रास होता. आईच्या बाल्कनीत रफ शहाबादी, बांबूची चिक, बसायला गावाहून तिचाच पाट आणला. पत्र्याला अजून परवानगी नाही, सेक्रेटरी बघू म्हणतात. सगळं मिळून खर्च साठ हजारांच्या आत.

फरक? रडत नाही, हसत असते असं काही झालेलं नाही. बाबांची आठवण आहेच. पण सकाळी उठून बाल्कनीत जाते, गच्चीवर दोन आज्या ओळखीच्या झाल्यात, झोप बरी लागते. मेथी कुठे टाकायची, कुंडी कुठे सरकवायची यावरून माझ्याशी वाद घालते, ते मला फार आवडतं. पांगाऱ्यावर साळुंक्या, कोतवाल कोण कोण येतं ते बायकोला फोन करून ऑफिसात सांगते.

नागवेल_माळशिरस, आई विचारतेय की नागवेलीचा वेल पुण्यात कोणाकडे मिळेल का, नर्सरीत मिळाला तो तिला पसंत नाही, म्हणते पान जाड आहे.

नागवेल_माळशिरस

मिळेल की, मी पुढच्या महिन्यात पुण्याला लेकीकडे येतेय तेव्हा घेऊन येते. तीन-चार पेरांचा तुकडा देईन, त्यातली दोन पेरं मातीत आडवी पुरा, वरची बाहेर. चढायला करवंटीचा किंवा काथ्याचा खांब करून ठेवा आणि जागा उन्हात नको, उजेडात. काकूंना सांगा मातीत थोडं कुजलेलं शेणखत आत्ताच मिसळून ठेवा म्हणजे मी येईपर्यंत मुरेल.